हनेजी चोशू : दोन धन्यांच्या राज्याचा कारभारी

जमाखर्च (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मागे सामुराईंच्या धाग्यावर मी एक पिंक टाकली होती, की ओकिनावा म्हणजे मुळात जपान नव्हेच, ते र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. त्यावर दोघातिघांनी 'मग लिहा की सविस्तर' म्हणून भरीला घातलं. अख्ख्या राज्याचा इतिहास लिहायची माझी कुवत नाही. जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला, त्यामुळे मला लढवय्यांपेक्षा कारभारी जास्त कळतात. म्हणून एकाच माणसाबद्दल लिहितो. हनेजी चोशू, १६१७ ते १६७५.

आधी नावाचा घोळ. या गृहस्थांची नावं दोन. हनेजी चोशू हे जपानी धाटणीचं, शो शोकेन हे चिनी धाटणीचं. हौस म्हणून नव्हे, तेव्हा तिथल्या सगळ्याच बड्या घरांत अशी दोन नावं असत. चीनकडे जाणाऱ्या कागदावर एक, जपानकडे जाणाऱ्या कागदावर दुसरं. सगळी गोष्ट या एका सवयीत आलीच म्हणा ना.

दुसरा घोळ 'राजपुत्र' या शब्दाचा. चोशू राजाचा मुलगा नव्हता. राजघराण्याच्या एका शाखेतला होता. राजाचं आडनाव 'शो', शाखांचंही 'शो', पण शाखांनी लिहायचं अक्षर वेगळं, उच्चार तोच आणि रेघा कमी. 'ओजी' म्हणजे राजपुत्र ही तिथे पदवीही होती आणि ती राजाच्या मुख्य कारभाऱ्याला, म्हणजे 'सेस्सेई'ला मिळत असे. आणि 'हनेजी' हे त्याच्या जहागिरीचं गाव. ओकिनावा बेटाच्या उत्तरेला, आता नागो शहरात सामावलेलं.

आता थोडं मागे जाऊ, कारण त्याशिवाय माणूस कळणार नाही. १६०९ साली जपानच्या दक्षिण टोकाच्या सात्सुमा संस्थानाने, म्हणजे शिमाझु घराण्याने, र्‍युक्यूवर स्वारी केली. सुमारे तीन हजार माणसं, शंभरेक जहाजं, हातात बंदुका. राजधानी शुरीचा किल्ला पडला. राजा शो नेई याला धरून नेलं, दोन वर्षं जपानात फिरवलं, आणि 'आम्ही पूर्वापार शिमाझूंचेच अंकित' अशी शपथ लिहून घेऊन १६११ मध्ये परत धाडलं. जाना नावाच्या मंत्र्याने त्या शपथेवर सही करायला नकार दिला. त्याचं मुंडकं उडवलं. उत्तरेकडची अमामी बेटं सात्सुमाने कापून घेतली आणि उरलेल्या मुलखाची मोजणी करून ८९,०८६ कोकू हा आकडा ठरवला. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, एका माणसाचं वर्षभराचं पोट. (छोट्या बेटांवर इतका भात पिकत नव्हता. आकडा कर बसवायला होता, जेवायला नव्हे.)

मग सात्सुमाने राज्य खालसाच का केलं नाही? कारण चीन. र्‍युक्यूचा राजा चिनी बादशहाला नजराणा पाठवायचा आणि त्या बदल्यात चीनशी व्यापार मिळायचा. जपानला तो दरवाजा बंद होता. म्हणजे राज्य जिवंत राहायला हवं, स्वतंत्र दिसायलाही हवं, पण किल्ली सात्सुमाच्या कनवटीला. तेव्हापासून पुढची अडीचशेहून अधिक वर्षं हे नाटक चाललं. चिनी वकील राज्याभिषेकाला नाहा बंदरात उतरले की सात्सुमाचे अधिकारी उत्तरेला उरासोएच्या बाजूला गुसुकुमा गावात जाऊन दडत. जपानी माल कुठून आला असं कुणी विचारलंच तर 'तोकारा बेटांवरून' हे ठरलेलं उत्तर.

या सगळ्यानंतर आठ वर्षांनी चोशू जन्मला. स्वतंत्र र्‍युक्यू त्याने पाहिलंच नाही, हे लक्षात ठेवा.

१६५० साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, राजा शो शित्सू याच्या हुकमावरून त्याने 'चूझान सेइकान' लिहिला. र्‍युक्यूची ही पहिली बखर. आता गंमत पाहा. दरबारची प्रतिष्ठेची भाषा चिनी, पण याने लिहिलं जपानीत. आणि पहिल्या ऐतिहासिक राजाचा, शुन्तेनचा, बाप म्हणून नाव घातलं मिनामोतो नो तामेतोमो याचं. तामेतोमो हा बाराव्या शतकातला जपानी योद्धा, बंडात हरला, हद्दपार झाला. जपानी इतिहासात त्याची अखेर इझू बेटांवर होते. र्‍युक्यूच्या कथेत तो वादळात भरकटतो, 'नशीब आकाशावर सोपवलं' म्हणत एका खाडीला लागतो. म्हणून त्या बंदराचं नाव 'उन्तेन', नशीब-आकाश. तिथल्या सरदारकन्येशी लग्न करतो, मुलगा होतो, तो पुढे राजा.

हे उन्तेन कुठे आहे? हनेजीच्या शेजारी. आणि १६०९ मध्ये सात्सुमाचं आरमार मुख्य बेटावर पहिल्यांदा कुठे उतरलं? उन्तेनलाच.

१६६६ मध्ये चोशू सेस्सेई झाला. तेव्हाची वही उघडून बघा. १६६० मध्ये शुरीचा किल्ला जळालेला, बांधकाम बाकी. चीनमध्ये मिंग घराणं जाऊन मांचू घराणं आलेलं, नव्या धन्याकडे निष्ठा फिरवताना दरबाराची तारांबळ उडालेली. त्यात बादशहासाठी निघालेल्या जहाजावरचं सोन्याचं भांडं चोरीला गेलं, आणि चोर निघाले जहाजावरचेच लोक. सात्सुमाने चौकशी लावली आणि १६६७ मध्ये वकिलातीच्या दोन प्रमुखांना, चातान आणि एसो यांना, देहदंड झाला. खजिन्यावर सात्सुमाचं देणं. ते फेडायला सरकारने १६४० च्या दशकातच साखर आणि हळद यांची मक्तेदारी स्वतःकडे घेतलेली. हो, हळद. ऊस आणि हळद, थेट सांगलीच्या बाजारातला माल.

सात वर्षं तो या पदावर होता. त्या काळातले त्याचे हुकूम 'हनेजी शिओकी' या नावाने एकत्र मिळतात आणि मला त्यांचं भारी आकर्षण आहे. कारण ते एका वैतागलेल्या हिशेबनीसाचे हुकूम आहेत. लग्नात खर्च किती करायचा, आहेर किती द्यायचा, मेजवान्या किती. गावकामगारांनी रयतेला घरकामाला जुंपायचं नाही. पडीक जमीन जो तोडून लागवडीला आणेल त्याच्याकडे ती राहील. बाकी शेतजमीन गावात ठरावीक काळाने फिरती वाटली जायची, त्यामुळे ही सवलत मोठीच होती. सरदारांच्या पोरांसाठी १६६७ चा हुकूम तर वाचाच : विद्या, हिशेब, लेखन, 'नो' या जपानी नाटकाचं गायन, वैद्यकी, स्वयंपाक, घोडेस्वारी, चिनी संगीत, चहाचा विधी, फुलांची मांडणी. यातलं एकही येत नसेल तर घराणं कितीही मोठं असो, नोकरी नाही.

स्वयंपाक आणि फुलं कशाला, असं मलाही वाटलं होतं. मग उमगलं. सात्सुमाच्या दरबारात र्‍युक्यूचा माणूस गेला की त्याची किंमत तलवारीने ठरणार नव्हती, चहाची वाटी कशी धरतो यावर ठरणार होती.

१६७२ मध्ये नाहात वेश्यावस्ती त्सुजी आणि नाकाशिमा या दोन जागी आणून बसवली. त्सुजी हा मोहल्ला आजही त्याच नावाने आहे. आणि १६७३ मध्ये राजाची कुदाका बेटाची यात्रा बंद करवली.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात नाजूक. कुदाका हे पूर्वेचं चिमुकलं पवित्र बेट. पाच धान्यांचं बी एका घड्यात वाहत वाहत तिथल्या किनाऱ्याला लागलं अशी श्रद्धा. दुसऱ्या महिन्यात गव्हाच्या लोंब्या आल्या की राजा स्वतः होडीने तिथे जायचा, एक वर्षाआड. चोशूने लिहिलं की त्या दिवसांत समुद्र धोक्याचा, शिवाय येण्याजाण्याच्या खर्चात आणि वेठीत पूर्वेकडची गावं भरडली जातात. इथवर ठीक. पुढे त्याने आणखी एक युक्तिवाद केला. या देशातली माणसं मूळ जपानातूनच आली असणार, कारण पशुपक्षी, झाडं, आकाश, पृथ्वी यांची नावं दोन्हीकडे एकच. मग धान्यंही माणसांबरोबर तिकडूनच आली असणार. तेव्हा कुदाकाला जायचं कारण काय?

राजा जायचा थांबला. अधिकारी जाऊ लागले.

बेटावरची एक यात्रा रद्द करायला लिहिलेल्या त्या चार ओळी दोनशे वर्षांनी कुणाच्या हातात पडल्या, ते प्रतिसादांत बोलू. हात दुखले.

---

गावठी चहा

दंडवत! एका बैठकीत वाचला. वाचनखूण साठवली.

पण शंका आहे. जाना मंत्र्याने मान दिली, सही दिली नाही. आणि तुमचे हनेजीसाहेब जपानीत बखर लिहून, राजाला जपानी बाप चिकटवून मोकळे. याला आमच्याकडे फितुरी म्हणतात.

---

तिरकी रेघ

गावठी चहाशी सहमत, आणि धागाकर्त्यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. त्याच बखरीत १६०९ च्या पराभवाचं खापर जानाच्याच डोक्यावर फोडलंय. सात्सुमाशी उद्धटपणा केला, म्हणून स्वारी ओढवली. ज्याने मान दिली तोच गुन्हेगार! राज्यकर्त्यांनी लिहवून घेतलेल्या इतिहासात मेलेल्या माणसाची बाजू कोण मांडणार?

एक मात्र चोशूच्या बाजूने सांगायला हवं. तामेतोमोची कथा त्याने रचलेली नाही. १६०५ च्या सुमारास तायचू नावाचा बौद्ध भिक्षू र्‍युक्यूत राहून गेला, त्याच्या लिखाणात ती येते. म्हणजे लोकांत फिरत होती. चोशूने तिला सरकारी शिक्का मारला. अफवा पसरवणं वेगळं आणि ती गॅझेटात छापणं वेगळं.

---

जमाखर्च

@तिरकी रेघ, मान्य. जानाचा उल्लेख गाळला, ते टंकायच्या कंटाळ्याने. पण मुद्दा पक्का आहे.

@गावठी चहा, फितुरी म्हणायची तर तो कुणाला काय देऊ शकला असता ते बघा. देण्यासारखं १६०९ मध्येच गेलं होतं. त्याच्या हातात शब्द होते. आणि शब्द त्याने फार मोजून वापरले. शिमाझु घराणं स्वतःला मिनामोतो वंशाचं म्हणवायचं. आता र्‍युक्यूचा राजाही मिनामोतोच्याच रक्ताचा निघाला, तर सात्सुमाच्या दरबारात तो कोण झाला? जिंकलेला परका नव्हे, भाऊबंद. भाऊबंदांचं घर लुटायला जरा जास्त कारण लागतं.

दुसरं, बखरीची भाषा. जपानी प्रत सात्सुमाने वाचावी यासाठी. १७०१ मध्ये साई ताकू नावाच्या पंडिताने त्याच इतिहासाचा चिनी अवतार केला, 'चूझान सेइफू'. पुढे त्याचा मुलगा साई ओन याने १७२५ मध्ये तो सुधारला. घर एकच, दोन रस्त्यांवर दोन दारं.

मी त्याला देशभक्त म्हणत नाही. पण जानाचं मरण राज्याच्या कामी आलं का, हे विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. चोशूच्या हुकुमांमुळे काही हजार शेतकऱ्यांची वेठ कमी झाली असेल, तर ते मला दिसतं. हिशेबनीसाची नजर म्हणा.

---

शेवंती

लेख आवडला, पण एक तक्रार. कुदाकाची यात्रा तुम्ही 'खर्चकपात' या सदरात टाकून मोकळे झालात. तिथे काय कापलं गेलं ते बायकांच्या बाजूने बघा.

र्‍युक्यूत धर्म बायकांच्या हातात होता. सगळ्यात वर 'किकोए-ओगिमी', राज्याची मुख्य पुजारीण. शो शिन राजाने (राज्य १४७७ ते १५२६) हे पद उभं केलं आणि पहिली नेमणूक त्याच्या बहिणीची. गावोगावच्या पुजारिणी, 'नोरो', तिच्या हाताखाली, त्यांना सरकारी नेमणूक आणि जमीन. मुळाशी समजूत अशी, की बहिणीत दैवी शक्ती असते आणि ती भावाचं रक्षण करते. भाऊ समुद्रावर निघाला की बहीण स्वतः विणलेला पंचा किंवा आपले केस त्याच्याजवळ द्यायची. राखी बांधून आपण भावाकडे रक्षण मागतो. तिथे उलट, रक्षण बहीणच करणार.

म्हणजे राजा राज्य करणार आणि बहीण त्याला राज्य करण्याचं बळ देणार. आता चोशूच्या काळात काय झालं? किकोए-ओगिमीचा दर्जा राणीच्या खाली आणला. राजा कुदाकाला जायचा तेव्हा ती बरोबर असायची. यात्रा गेली म्हणजे राजाच्या शेजारी उभं राहायची तिची जागा गेली. कन्फ्यूशियसच्या पोथ्या वाचलेल्या पुरुषाला हे बायकांचं प्रस्थ खटकत होतं, समुद्राच्या लाटा हे निमित्त.

बाकी आहेरावर मर्यादा घातली ते उत्तम. आमच्याही सोसायटीत कुणी घाला.

---

नाहाकर

मी सहा वर्षं नाहात राहतो, नोकरीनिमित्त. शेवंतीताईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

राजधानीकडून कुदाकाच्या वाटेवर सेफा-उताकी आहे, राज्यातलं सर्वोच्च पूजास्थान. किकोए-ओगिमीची दीक्षा इथेच होत असे. २००० साली जागतिक वारसा झालं. देऊळ नाही, मूर्ती नाही, छप्पर नाही. दाट झाडी, ओली दगडी पायवाट, आणि शेवटी दोन प्रचंड कातळ एकमेकांवर रेललेले, मध्ये त्रिकोणी फट. आतल्या चौकातून पूर्वेला झाडांच्या मधून समुद्र दिसतो आणि त्यावर एक चपटी हिरवी रेघ. तेच कुदाका. पूर्वी इथे पुरुषांना मज्जाव होता. जायचंच झालं तर किमोनो बायकांसारखा नेसून.

कुदाकाला जायला आझामा बंदरातून बोट मिळते. लाटा असल्या की फेरी रद्द. माझी दोनदा रद्द झाली आणि तिसऱ्यांदा गेलो ते फेब्रुवारीत. अर्धा तासही लागत नाही, पण त्या दिवशी मी खाली मान घालून बसलो होतो, शेजारच्या आजी निवांत शेंगदाणे खात होत्या. चोशूने समुद्राबद्दल जे लिहिलंय त्यात खोट काढता येणार नाही, एवढं स्वतःच्या पोटावरून सांगतो.

बेटावर 'इझाइहो' नावाचा विधी व्हायचा, बारा वर्षांनी एकदा, घोड्याच्या वर्षी. ठरावीक वयाच्या बायका त्यातून पुजारिणी होत. शेवटचा १९७८ मध्ये झाला. पुढे दीक्षा घ्यायला पुरेशा बायकाच उरल्या नाहीत. म्हणजे चोशूने राजाची होडी थांबवल्यावरही बेटावरच्या बायकांनी तीनशे वर्षं आपलं काम चालू ठेवलं.

अवांतर : चोशूच्या कारकिर्दीत नवे परगणे पाडले गेले. १६७१ मध्ये गिनोवान, १६७३ मध्ये कुशी. ही नावं इथल्या बातम्यांत रोज असतात. अमेरिकेचा फुतेन्मा विमानतळ गिनोवान शहराच्या मधोमध आहे आणि तो हलवून जिथे न्यायचा घाट घातलाय ते हेनोको म्हणजे जुन्या कुशीतलं गाव.

---

पानसुपारी

१६१७ ते १६७५ म्हणजे ऐन शिवकाल. १६७३ ला हे यात्रा बंद करतायत, १६७४ ला इकडे रायगडावर राज्याभिषेक. वंशावळीचा प्रश्न इकडेही आला होताच. कुणीतरी तौलनिक लेख लिहा.

---

जमाखर्च

@पानसुपारी, सनावळी जुळते हे खरं, पण मी त्या वाटेला जाणार नाही. इकडे नवं सिंहासन उभं राहत होतं, तिकडे जुनं मोडू नये म्हणून टेकू लावले जात होते. तुलनेत दोघांवरही अन्याय होईल आणि धागा शंभरीकडे जाऊन बंद पडेल. :)

@शेवंती, तक्रार शिरोधार्य. खरं तर मला तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत ते पद नुसतं 'खर्चाचं सदर' वाटत होतं.

@नाहाकर, गिनोवान आणि कुशीचं माहीत नव्हतं. दोन्ही टोकं त्याच्याच हातची?

---

नाहाकर

हो. त्याने कागदावर सीमा आखल्या, विमानांचं त्याच्या ध्यानीमनी असायचं कारण नाही.

---

अनवट

उशिरा आले. भाषेच्या मुद्द्यावर लिहिते, कारण धागाकर्त्यांनी 'प्रतिसादांत बोलू' म्हणून सोडून दिलंय.

चोशूचं निरीक्षण बरोबर होतं. शब्द खरंच सगोत्र आहेत. जपानी 'ए'चा ओकिनावी 'इ' होतो आणि 'ओ'चा 'उ'. पाऊस जपानीत 'आमे', इथे 'आमि'. होडी 'फुने', इथे 'फुनि'. मन 'कोकोरो', इथे 'कुकुरु'. घराण्यांच्या नावापुढे लागणारं 'उदुन' म्हणजे 'ओदोनो', वाडा. हे एकदा कानाला लागलं की शब्द ओळखता येतात. १८९५ मध्ये चेंबरलेन या इंग्रज पंडिताने र्‍युक्यूच्या भाषेचं व्याकरण छापलं आणि ती जपानीची बहीण असल्याचं पद्धतशीर दाखवून दिलं. चोशूने तेच सव्वादोनशे वर्षं आधी, कसलंही शास्त्र हाताशी नसताना, नुसत्या कानाने ओळखलं होतं.

पण बहीण म्हणजे मुलगी नव्हे. दोन भाषा एका आईच्या असल्या तर एकीने दुसरीच्या घरात नांदलंच पाहिजे असं कुठे आहे? १८७२ मध्ये जपानने राज्याचं संस्थान केलं, १८७९ मध्ये संस्थानाचा जिल्हा. शेवटचा राजा शो ताई याला तोक्योला नेलं. आणि तेव्हा 'हे लोक मुळात आपलेच' म्हणताना तामेतोमो आणि एका वंशाची कल्पना दोन्ही जुन्या कागदांतून बाहेर आल्या. पुढे शाळेत कुणी घरची भाषा बोललं तर त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. ती पाटी उतरवायची तर दुसरा कुणी बोलताना पकडून द्यायचा. युनेस्कोने २००९ मध्ये र्‍युक्यूच्या सहा भाषा धोक्यात म्हणून नोंदवल्या.

आणि याला एक पीळ आहे. ओकिनावाच्या अभ्यासाचा पाया घालणारे इहा फुयू (१८७६ ते १९४७) हे स्वतः र्‍युक्यूचे. त्यांनी १९१६ मध्ये र्‍युक्यूच्या पाच थोर पुरुषांवर पुस्तक केलं, त्यात चोशू आहे. एक मूळ असल्याचा विचार त्यांनाही प्रिय होता. त्यांना त्यातून आपल्या माणसांसाठी बरोबरीचं पान हवं होतं. म्हणजे पुन्हा चोशूचाच डाव, फक्त समोर सात्सुमाऐवजी तोक्यो.

---

गावठी चहा

गळ्यात पाटीचं वाचून सुन्न झालो. फितुरी हा शब्द मागे घेत नाही, पण आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही.

---

तिरकी रेघ

@अनवट, जे बात!

मला एक विचारायचंय. चोशूला हे समजत होतं का? की एक समजूत काढायला लिहिलेलं वाक्य उद्या दस्तऐवज होतं? कारभारी माणसाला कागदाचं आयुष्य कळायला हवं.

---

जमाखर्च

@तिरकी रेघ, समजत असेल असं वाटत नाही. त्याला समोरचं वर्ष दिसत होतं. किल्ल्याचं बांधकाम, व्याज, सात्सुमाचा अधिकारी नाहात बसलेला. दोनशे वर्षांनी काय, याचा अंदाज बांधत बसला असता तर हुकूम एकही निघाला नसता. आणि तसं पाहिलं तर त्याच दोनशे वर्षांत राज्य टिकलंही. ते त्याच्यामुळे किती आणि चीनच्या व्यापारामुळे किती, हे मात्र वहीत वेगळं काढता येत नाही.

पण एक जागा अशी आहे जिथे हिशेब बाजूला ठेवून माणूस दिसतो. पद सोडतानाच्या सुमाराला त्याने लिहिलेलं आहे, की या देशात माझ्यासारखा विचार करणारं कुणी नाही, याचं दुःख वाटतं. मला ओळखणारे एक-दोघे आहेत, ते उत्तरेला. उत्तरेला म्हणजे सात्सुमात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्यांनी आपल्या राजाला धरून नेलं त्यांच्यातलेच एक-दोघे आपल्याला कळतात असं वाटणं, आणि ते कबूल करणं. आयुष्यभर दोन नावांनी सह्या केलेल्या माणसाने हे कुठल्या नावाने लिहिलं असेल?

---

शेवंती

त्याला एखादी बहीण होती का हो? पंचा विणून देणारी?

---

जमाखर्च

@शेवंती, आता मात्र तुम्ही मला निरुत्तर केलंत.

---

नाहाकर

रविवारी मोकळा होतो, म्हणून तामेतोमोच्या कथेचं दुसरं टोक बघून आलो. धागाकर्त्यांनी उन्तेन सांगितलं, हे राहिलं होतं. तामेतोमो पुढे जपानला परत निघाला तेव्हा बायको-मुलाला घेऊन जाता आलं नाही, बोटीत बाई असली की वादळ उठायचं म्हणे. ती दोघं किनाऱ्यावर वाट बघत राहिली. म्हणून 'माची-मिनातो', वाट बघण्याचं बंदर. त्याचं झालं माकिमिनातो. नाहाहून उत्तरेला, उरासोए शहरात, गाडीने जेमतेम वीसेक मिनिटं. शेजारीच अमेरिकी सैन्याची भलीमोठी वखार आहे, तिलाही नाव तेच.

त्या मायलेकरांनी जिथे थांबून वाट पाहिली म्हणतात ती गुहा वस्तीतच आहे. मोठं काही मनात धरून जाऊ नका. आत वाकून बघितलं तर दगडावर काळी चपटी उदबत्ती अर्धी जळून विझलेली. इथली उदबत्ती अशीच असते, काडीची नाही, पट्टीची. बाजूला काही नाणी आणि आवामोरीचा, म्हणजे इथल्या तांदळाच्या दारूचा, एक छोटा पेला, भरलेला.

म्हणजे सकाळीच कुणीतरी येऊन गेलं होतं. कोण येतं म्हणून समोर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बायका येतात. मी तामेतोमोचं नाव घेतलं तर हसल्या आणि म्हणाल्या, त्याच्यासाठी नाही येत कुणी, गुहेसाठी येतात.